स्थूल प्रौढांसाठी इंटरव्हल ट्रेनिंग : दम किती वाढतो, पोट किती उतरते?

प्रश्न थोडक्यात असा : वय ४४, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९२ किलो, कंबर १०६ सेंटिमीटर, दिवसभर बैठे काम, रक्तदाबासाठी रोज एक गोळी. सहा आठवड्यांपूर्वी मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून उड्यांचा ‘चार मिनिटांचा’ इंटरव्हल व्यायाम सुरू केला. वजन जेमतेम ८०० ग्रॅम उतरले आणि उजवा गुडघा मात्र दुखू लागला. हा व्यायाम तासभर चालण्यापेक्षा खरोखर सरस आहे का, पोट केव्हा कमी होईल, आणि तो पुढे चालू ठेवावा की सोडावा?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. उड्या आजपासून थांबवा, पण इंटरव्हल ट्रेनिंग सोडू नका. ही दोन वाक्ये परस्परविरोधी वाटत असतील, तर त्याचे कारण एवढेच की उड्या आणि इंटरव्हल ट्रेनिंग या एकच गोष्टी आहेत असा समज गेल्या काही वर्षांत पक्का झाला आहे. इंटरव्हल म्हणजे जोराचा एक टप्पा, त्यानंतर दम परत येण्यापुरता संथ टप्पा, आणि पुन्हा जोराचा टप्पा, इतकाच त्याचा अर्थ. तो जोर पायी चालून आणता येतो, चढावर आणता येतो, स्थिर सायकलवर किंवा पाण्यातही आणता येतो. जोर किती, हे शेजारच्या माणसाशी तुलना करून ठरत नाही, तर ज्याच्या त्याच्या कुवतीवर ठरते. तुमच्या वजनाच्या आणि बैठ्या सवयीच्या माणसाला साधा पूल झपाझप चढणे हाच पूर्ण दर्जाचा तेज टप्पा असू शकतो. पट्टीच्या धावपटूची नाडी तेवढ्याने हलणारही नाही.

ही पद्धत मुळात धावपटूंची. १९३० च्या दशकात जर्मनीतील प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी तिला शिस्त लावली, आणि गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जो विक्रम केला, तो पुढे सोळा वर्षे टिकला. या पद्धतीत ठरावीक अंतर धावल्यावर नाडी पुरेशी खाली आली तरच पुढची फेरी घ्यायची असा दंडक होता, म्हणजे विश्रांती हा व्यायामाचाच मोजून दिलेला भाग मानलेला होता. आज व्हिडिओ पाहून व्यायाम करणाऱ्यांच्या हातून नेमका हाच भाग निसटतो.

तुम्ही करत असलेला चार मिनिटांचा प्रकार जपानचे इझुमी तबाता यांच्या नावाने ओळखला जातो, म्हणून त्यांच्या १९९६ च्या अभ्यासात प्रत्यक्षात काय झाले ते सांगतो. त्यात भाग घेणारे तरुण, आधीपासून खेळणारे विद्यार्थी होते. ते उड्या मारत नव्हते, प्रयोगशाळेतील सायकल चालवत होते. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची जी कमाल पातळी होती, तिच्या १७० टक्के इतक्या भाराने २० सेकंद पेडल मारायचे, १० सेकंद थांबायचे, आणि सात-आठ फेऱ्यांत पाय पूर्ण निकामी व्हायचे, असा तो क्रम होता. सहा आठवड्यांत त्यांची कमाल ऑक्सिजन क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ७ मिलिलिटरने वाढली आणि ऑक्सिजनविना जोर लावण्याची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली. हे निष्कर्ष उत्तमच आहेत, परंतु त्यात चरबीचा हिशेब नव्हता, स्थूल माणसे नव्हती आणि गुडघ्यांवर आदळणारे वजनही नव्हते. ९२ किलोच्या देहाने फरशीवर केलेल्या ‘जंपिंग जॅक’ना त्या अभ्यासाचा आधार देणे म्हणजे नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे. गुडघ्याचे गणितही लक्षात घ्या. गुडघ्याचा संधिवात असलेल्या, वजन जास्त असलेल्या वयस्क माणसांवर झालेल्या एका अभ्यासात, शरीराचे वजन एक किलोने कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो असे आढळले होते. हाच हिशेब उलटा धरला, की उडी मारून उतरताना तुमच्या उजव्या गुडघ्यावर काय बेतत असेल हे वेगळे सांगायला नको.

आता चालणे की इंटरव्हल, हा तुमचा पहिला प्रश्न. याचे प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावे लागते, कारण दम वाढणे आणि चरबी घटणे हे दोन वेगळे परिणाम आहेत आणि इंटरव्हल ट्रेनिंगचे यश या दोहोंत सारखे नाही.

दमाच्या बाबतीत इंटरव्हल ट्रेनिंग निःसंशय पुढे आहे. नॉर्वेतील ट्रॉनहेम येथील संशोधकांनी २००८ साली, पोट सुटलेले, रक्तदाब आणि साखर वाढत चाललेली, अशी मेटाबॉलिक सिंड्रोमची लक्षणे असलेल्या माणसांना १६ आठवडे व्यायाम दिला. एका गटाने चार-चार मिनिटांचे चार तेज टप्पे केले, दुसऱ्याने तेवढीच ऊर्जा खर्च होईल इतका वेळ एका लयीत मध्यम व्यायाम केला. दमाचे माप असलेली कमाल ऑक्सिजन क्षमता पहिल्या गटात ३५ टक्के आणि दुसऱ्यात १६ टक्के वाढली, म्हणजे दुपटीहून अधिक फरक पडला. वजन मात्र पहिल्या गटाचे सरासरी २.३ किलो आणि दुसऱ्याचे ३.६ किलो घटले. हा एकच अभ्यास मी माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला सांगतो, कारण वजनकाट्याकडे पाहणारा माणूस यातून इंटरव्हल ट्रेनिंग फसले असा निष्कर्ष काढील, आणि तोच माणूस जिना चढताना मात्र नेमके उलटे अनुभवील.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील मार्टिन गिबाला यांच्या चमूने २०१६ मध्ये वेळेचा मुद्दा अधिक टोकाला नेला. व्यायाम न करणाऱ्या पुरुषांना बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटांचे सायकलचे सत्र दिले, ज्यात पूर्ण जोराचे टप्पे फक्त २० सेकंदांचे तीन होते. दुसऱ्या गटाने दर वेळी ४५ मिनिटे मध्यम गतीने सायकल चालवली. दोन्ही गटांची क्षमता सारखीच, सुमारे १९ टक्के वाढली. वेळ मिळत नाही ही सबब इथे बरीच लंगडी पडते, हे खरे. परंतु सायकलवर २० सेकंद जीव तोडून पेडल मारणे ही सुखाची गोष्ट नाही, आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने कोणाच्याही देखरेखीशिवाय तिथून सुरुवात करावी असे मी कधीच सांगणार नाही.

चरबीच्या बाबतीत चित्र बरेच साधे आहे. वजन जास्त असलेल्या आणि स्थूल प्रौढांवरील अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण दहा आठवड्यांच्या काळात इंटरव्हल आणि सलग मध्यम व्यायाम या दोहोंनी शरीरातील चरबी आणि कमरेचा घेर जवळपास सारखाच कमी झाला. फरक वेळेचा होता, इंटरव्हल गटाला सुमारे ४० टक्के कमी वेळ लागला. व्यायाम संपल्यावरही शरीर तासन्‌तास चरबी जाळत राहते, हा जो प्रचार चालतो त्यात तथ्य अगदी थोडे आहे. व्यायामानंतर ऑक्सिजनचा वापर काही काळ वाढलेला राहतो हे खरे, पण तो जादा खर्च व्यायामात झालेल्या खर्चाच्या साधारण ६ ते १५ टक्के असतो. तुमच्या बाबतीत ही भर एका सत्रामागे अर्ध्या पोळीच्याही पलीकडे जात नाही.

हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. तुमच्या वजनाच्या माणसाला वॉर्म-अपसह चाळीस मिनिटांच्या एका सत्रात, नुसते बसून जितकी ऊर्जा लागली असती ती वजा करून, साधारण २५० कॅलरी लागतात. आठवड्यातून तीन सत्रे, बारा आठवडे, म्हणजे ९,००० कॅलरी झाल्या. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. आहार जसाच्या तसा ठेवला तर तीन महिन्यांत सव्वा किलोच्या आसपास चरबी उतरेल. सहा आठवड्यांत तुमचे ८०० ग्रॅम उतरले हे अपयश नव्हे, ते गणिताला धरूनच आहे. आणि व्यायाम झाला म्हणून सकाळी एक वडापाव जास्त गेला, तर त्या दिवसाचे गणित तिथेच शून्यावर येते. वजन उतरते ते मुख्यतः ताटातून. व्यायामाने उतरलेले वजन टिकते, स्नायू राखले जातात आणि उतरणाऱ्या वजनात चरबीचा वाटा मोठा राहतो. आहाराविषयी इथे विस्ताराने लिहीत नाही, एवढेच सांगतो की संध्याकाळच्या चहाबरोबरचे फरसाण-बिस्किट आणि रात्रीचा भात या दोन जागा बहुतेकांनी आधी तपासाव्यात, आणि प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी भरपूर असावे.

मग तासभर चालण्याला अर्थ नाही का? आहे, आणि त्यातही टप्पे घातले तर फार मोठा आहे. कोपनहेगन येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टाइप-२ मधुमेह असलेल्या माणसांनी चार महिने, आठवड्यातून पाच दिवस, दररोज तासभर चालण्याचा व्यायाम केला. एक गट एकाच गतीने चालला, दुसरा तीन मिनिटे झपाझप आणि तीन मिनिटे संथ असा आलटून-पालटून. सरासरी ऊर्जाखर्च दोघांचा सारखा ठेवला होता, तरी टप्प्यांनी चालणाऱ्यांची ऑक्सिजन क्षमता सुमारे १६ टक्के वाढली, वजन सुमारे ४ किलो उतरले आणि साखरेचे नियंत्रण सुधारले. एकाच गतीने चालणाऱ्यांत मात्र म्हणण्यासारखा बदल झाला नाही. तीन-तीन मिनिटांची ही पद्धत मूळ जपानमधील मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठाची, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मध्यमवयीन व वयस्क माणसांच्या मांड्यांची ताकद वाढून रक्तदाबही उतरलेला दिसला होता. तुमच्यासारख्या माणसासाठी मला हीच पद्धत सर्वांत शहाणपणाची सुरुवात वाटते. हिच्यात दिखाऊ असे काही नाही, म्हणून तिची व्हिडिओत फारशी चलती नसावी.

प्रत्यक्षात काय करायचे ते आता सांगतो, परंतु त्याआधी एक अट आहे. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर किंवा अवेळी धाप यांपैकी काहीही झाले असेल, रक्तदाब १८०/११० च्या घरात जात असेल, किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्रावाचा धोका सांगितला असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि गरज वाटल्यास ट्रेडमिलवरील तणाव चाचणी करून घ्यावी, त्यानंतरच तेज टप्पे घ्यावेत. तुमची रक्तदाबाची गोळी कोणत्या गटातली आहे, हेही विचारून घ्या. ती बीटा-ब्लॉकर असेल तर नाडी औषधामुळेच दबलेली राहील आणि खाली दिलेले नाडीचे आकडे तुम्हाला लागू पडणार नाहीत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्यांनी साखर एकदम उतरण्याची शक्यता धरून खिशात साखर ठेवावी.

पहिले चार आठवडे गुडघ्याला सूज नसेल तर सपाट रस्त्यावर चाला. आठ-दहा मिनिटे सैल चालून झाल्यावर तीन मिनिटे अशा वेगाने चाला की एखादे वाक्य बोलता येईल, पण सलग गप्पा मारता येणार नाहीत. मग तीन मिनिटे इतके संथ चाला की श्वास पुन्हा नाकाने घेता येईल. अशा पाच जोड्या, आठवड्यातून चार दिवस. गुडघा कुरकुरत असेल तर हेच स्थिर सायकलवर करावे, मात्र सीट अशा उंचीवर असावी की पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. सीट फार खाली ठेवून गुडघा दुखवून घेणारे मला दर महिन्याला भेटतात.

पाचव्या आठवड्यापासून वेग न वाढवता चढ वाढवावा. पुण्यात राहत असाल तर टेकड्या आहेतच, मुंबईत उड्डाणपुलाचा पदपथ किंवा इमारतीचा जिना चालेल, आणि व्यायामशाळेत ट्रेडमिलचा चढ पाच-सहा टक्क्यांवर ठेवून तेच काम होते. चढावर चालताना पाऊल जोराने आदळत नाही आणि नाडी मात्र वर जाते, म्हणून वजनदार माणसाला धावण्यापेक्षा चढ कितीतरी मानवतो. उतरताना मात्र सावकाश उतरावे, कारण गुडघ्याला त्रास होतो तो बहुधा उतारावर. जिन्याचे इंटरव्हल करत असाल तर शक्य असल्यास वर चढून लिफ्टने खाली यावे, यात लाज वाटण्याचे कारण नाही.

नवव्या आठवड्यापासून, आतापर्यंतचे सगळे सुखरूप झाले असेल तर, ट्रॉनहेमची चार-चार मिनिटांची पद्धत आठवड्यातून दोनदा घ्यावी आणि बाकीचे दोन दिवस तीन-तीन मिनिटांचेच ठेवावेत. तुमच्या वयाला कमाल नाडी अंदाजे १७६ धरली तर तेज टप्प्याच्या दुसऱ्या मिनिटापासून ती १५० ते १६५ च्या दरम्यान यावी. पण वयावरून काढलेला हा अंदाज एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो, त्यामुळे मी स्वतः नाडीपेक्षा जाणवणाऱ्या श्रमावर अधिक विसंबतो. शून्य म्हणजे आराम आणि दहा म्हणजे आता मेलो, अशी पट्टी धरली तर तेज टप्पा सात-आठवर असावा. पहिल्याच टप्प्यात नऊ गाठणारा माणूस तिसऱ्या टप्प्यात पाचावर घसरतो. चौथा टप्पा पहिल्याइतक्याच वेगाने पूर्ण झाला, तर जोर बरोबर निवडला असे समजावे. आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत मे-जूनमध्ये त्याच वेगाला नाडी बरीच जास्त दिसेल. तेव्हा वेग कमी करावा, हट्ट करू नये.

सर्वांत जास्त चूक होते ती संथ टप्प्यात. हृदय अशक्त झालेल्या २६१ रुग्णांवर युरोपातील नऊ केंद्रांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की तेज व्यायामाच्या गटातील निम्मे लोक ठरवलेल्यापेक्षा हळू व्यायाम करत होते आणि मध्यम गटातील ८० टक्के लोक ठरवलेल्यापेक्षा जास्त जोराने. त्या अभ्यासात दोन्ही पद्धतींत फरक दिसला नाही, याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही. तिथे तर जवळ प्रशिक्षक उभे होते, मग घरी एकट्याने करणाऱ्याचे काय होत असेल? संथ टप्पा वाया जातोय असे वाटून लोक तो ओढून-ताणून जलद करतात, मग तेज टप्प्याला पायांत जोर उरत नाही आणि सगळा व्यायाम एकाच अर्धवट गतीचा होऊन बसतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही विश्रांती कापून मेहनत वाढवल्याचे समाधान मानत असे, आणि दोन-तीन माणसे माझ्या त्या उत्साहामुळे व्यायाम कायमचा सोडून गेली. आज मी आधी संथ चालायला शिकवतो.

रोज करू नये. तेज टप्प्यांच्या दोन सत्रांत शक्यतो एक दिवसाचे अंतर ठेवावे. या व्यायामानंतर स्नायू साखर अधिक चांगली ओढून घेतात आणि तो परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो, म्हणून दिवसाआड करण्यात तसेही काही गमावत नाही. मधल्या दोन दिवसांत खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड, पाठीसाठी दोरीचे ओढणे, अशा ताकदीच्या व्यायामाला अर्धा तास द्यावा. हे मी सवडीने करण्याचे काम म्हणून सांगत नाही. मांडीची ताकद वाढल्याशिवाय तुमचा गुडघा बरा होणार नाही, आणि वजन उतरत असताना स्नायू राखायचे असतील तर नुसत्या दमाच्या व्यायामाने भागत नाही. ताप आला असेल, विशेषतः डेंग्यूनंतर, तर अशक्तपणा पूर्ण जाईपर्यंत तेज टप्पे बंद ठेवावेत.

पोटाविषयी. व्हिडिओतील पोटाचे व्यायाम पोटावरची चरबी काढत नाहीत. चरबी कुठून जायची हे शरीर ठरवते. सुदैवाने आतड्यांभोवतीची आतली चरबी दमाच्या व्यायामाने वजन फारसे न हलताही कमी होऊ शकते, आणि आपल्या लोकांत घातक असते ती हीच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) तंतोतंत सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीयांसाठी या इंडेक्सवरील स्थूलतेची रेषा ३० ऐवजी २५ वर आणि पुरुषांच्या कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटरवर आणली गेली ती अशाच निरीक्षणांमुळे. तुमचा इंडेक्स ३२.६ आहे, तरी मी तुम्हाला काट्यापेक्षा कमरेच्या फितीवर लक्ष ठेवायला सांगेन. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, दर पंधरा दिवसांनी एकाच वेळी माप घ्यावे. व्यायामशाळेतील चरबी मोजणाऱ्या यंत्रावर उभे राहून रोज नाराज होऊ नये. ते शरीरातील पाण्यावरून अंदाज करते, त्यामुळे दोन पेले पाणी आणि थोडा घाम एवढ्यानेही त्याचा आकडा हलतो.

पोट केव्हा कमी होईल याचे उत्तर एका तारखेत देता येणार नाही. आहारात थोडी काटछाट आणि वरील क्रम दोन्ही पाळले तर बारा आठवड्यांत कमरेचे तीन ते पाच सेंटिमीटर कमी व्हावेत, ही अपेक्षा रास्त आहे. त्याआधीच, चौथ्या-पाचव्या आठवड्यात, दुसरी एक गोष्ट दिसेल. तेज टप्पा संपल्यावर लगेच आणि मग एका मिनिटाने नाडी मोजा आणि दोहोंतला फरक टिपून ठेवा. आज तो वीसच्या आसपास असेल तर महिन्याभरात तीसकडे सरकू लागावा. तो बाराहून कमीच राहत असेल तर ती नोंद डॉक्टरांना जरूर दाखवावी. दुसरी नोंद जिन्याची. आपल्या इमारतीचे चार मजले नेहमीच्या गतीने चढायला किती सेकंद लागतात आणि वर पोचल्यावर कुलूप उघडताना बोलता येते की नाही, हे आज लिहून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा पाहा.

गुडघ्याची सूज किंवा दुखणे दोन आठवडे उड्या बंद ठेवूनही कमी झाले नाही, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा निसटल्यासारखा वाटत असेल, तर चढाचा टप्पा सुरू करण्याआधी तो प्रत्यक्ष तपासून घ्या. तोवर सायकलवरच्या तीन-तीन मिनिटांच्या पाच जोड्यांनी काम चालू ठेवायला हरकत नाही.